गच्चीचा पांढरा लेप आणि भुसावळचा उन्हाळा

सचिव (ब-१०३): सोसायटीच्या सर्व सदस्यांना नमस्कार. येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत तिन्ही विंगच्या गच्चीला उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप देण्याचा विषय मांडला जाणार असून त्याची दरपत्रके सूचना फलकावर लावली आहेत. क-२०१ च्या नानांनी काल रात्री पुढे पाठवलेल्या संदेशात पृथ्वी यंदा सूर्याच्या जवळ आल्यामुळे ऊन वाढले आणि हवामान बदल हे थोतांड आहे, असे दोन दावे आहेत. ज्यांना या विषयावर बोलायचे आहे त्यांनी या गटात सविस्तर लिहावे, म्हणजे सभेतला वेळ वाचेल. शुभ सकाळची फुले मात्र दोन दिवस आवरावीत, ही विनंती.

नाना (क-२०१): संदेश मला आला तसा मी पुढे पाठवला, तरी त्यामागचे म्हणणे मला पटते. माझा जन्म भुसावळचा आणि उभी नोकरी रेल्वेत गेली. मे महिन्यात यार्डातल्या रुळाला हात लावायची सोय तेव्हाही नव्हती आणि पारा पंचेचाळीसच्या वर तेव्हाही जात असे, मग आताच एवढी ओरड कशासाठी? दुसरे असे की, ज्या कार्बन डायऑक्साइडच्या नावाने सगळे बोटे मोडतात, त्याचे हवेतले प्रमाण अवघे ०.०४ टक्के आहे. एवढ्याशा वायूने अख्खी पृथ्वी तापते, हे अ-४०२ च्या सरांनी मला पटेल अशा भाषेत समजावून सांगावे.

सर (अ-४०२): नाना, आधी सूर्याचे पाहू, कारण ते लगेच निकाली निघते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा आपण शेकोटीपाशी बसतो. आणि सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असते ती जुलैच्या सुरुवातीला. हे दरवर्षी असेच घडते. आपला उन्हाळा पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे येतो, अंतरामुळे नव्हे.

आता ०.०४ टक्क्यांकडे वळू. हवेत नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉन हे तीन वायू मिळून ९९ टक्क्यांहून अधिक आहेत, परंतु तापलेल्या जमिनीतून वर जाणारे अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण त्यांना अडवताच येत नाहीत. ते काम पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांसारखे तीन किंवा अधिक अणूंचे रेणू करतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड एकूण हवेच्या मानाने किती, हा प्रश्नच गैरलागू आहे. उष्णता अडवणाऱ्या मोजक्या वायूंमध्ये त्याचा वाटा किती, हे पाहायला हवे. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या, तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वाधिक तापली. जॉन टिंडल यांनी १८५९ पासून हेच शोषण उपकरणाने मोजले आणि स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशेब हाताने मांडला. हे वायू मुळीच नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंशांऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास राहिले असते. म्हणजे हा वायू शत्रू नाही. अडचण आहे ती त्याच्या वाढीची. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. हवाईतल्या मौना लोआ येथे १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी मोजणी सुरू केली तेव्हा तो ३१५ च्या घरात होता आणि आता ४२० च्या पुढे गेला आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले, तर गेल्या आठ लाख वर्षांत, औद्योगिक काळापूर्वी, तो कधी ३०० च्या वर गेल्याचे दिसत नाही.

नाना (क-२०१): वायू वाढला, हे मान्य. पण तो आपणच वाढवला कशावरून? ज्वालामुखी आहेत, समुद्र आहे. आणि माझ्या पंचेचाळीस अंशांचे उत्तर अजून मिळालेले नाही.

सर (अ-४०२): तुमच्या यार्डातच याचे उत्तर उभे असते. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राकडे जाणारी कोळशाची एक मालगाडी साधारण साडेतीन ते चार हजार टन कोळसा नेते. आपल्याकडचा गोंडवनी कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा आहे. जिवंत झाडात कार्बन-१४ हे किरणोत्सारी समस्थानिक, म्हणजे कार्बनचाच एक प्रकार, थोड्या प्रमाणात असतेच. त्याचे अर्धायुष्य ५७३० वर्षांचे, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मे होत असल्यामुळे एवढ्या जुन्या कोळशात ते शिल्लकच उरत नाही. त्यामुळे कोळसा आणि तेल जाळून निघणारा वायू हवेत मिसळला की हवेतल्या कार्बन-१४ चे प्रमाण पातळ होत जाते, आणि हे शास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी १९५० च्या दशकातच झाडांच्या लाकडात मोजून दाखवले होते. समुद्रातून किंवा आजच्या झाडांतून हा वायू आला असता, तर ही खूण अशी उमटली नसती. ज्वालामुखींचे म्हणाल, तर ते वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही. शिवाय १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण ऑक्सिजनचे वजन त्यात मिळते. म्हणून मालगाडीने आलेल्या कोळशापेक्षा चिमणीतून गेलेल्या वायूचेच वजन जास्त भरते, जरी ते कुणाला दिसत नसले तरी.

सूर्यच अधिक तापत असता, तर वातावरण खालपासून वरपर्यंत सगळेच तापले असते. प्रत्यक्षात वातावरणाचा खालचा थर, तपांबर, तापत आहे आणि त्यावरचा थर, स्थितांबर, थंड होत आहे. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मनाबे आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६७ मध्ये संगणकावर केलेल्या गणिताने हे आधीच वर्तवले होते, आणि मनाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. मला विचाराल तर एवढा एक पुरावा पुरेसा आहे. बाकीचे सारे त्याच्या मागून येते.

पंचेचाळीस अंशांबद्दल सांगतो. तुमच्या लहानपणीचे आकडे खोटे नाहीत, पण असे दिवस किती वेळा येतात हे पाहावे लागते. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, पूर्वी जगभरच्या जमिनीवर दहा वर्षांत सरासरी एकदा येणारी टोकाची उष्णता आता त्याच काळात सुमारे २.८ वेळा येते. सरासरी एकाच अंशाने सरकली, तरी टोके अशी वारंवार गाठली जातात.

डॉक्टर ताई (ब-३०४): सरांच्या म्हणण्यात मी रुग्णांच्या बाजूने भर घालते, कारण पाऱ्याच्या आकड्यावरच सगळ्यांचे लक्ष खिळते आणि हवेतला दमटपणा राहून जातो. आपल्या घरोघरी जो कूलर लावतात, तो वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवरून पाणी सोडून, त्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो. मे महिन्यातल्या ४४ अंशांच्या कोरड्या दुपारी, आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर सुमारे २३ अंश दिसतात, म्हणजे बाष्पीभवनाने हवा फार तर तेवढी गार होऊ शकते, आणि चांगला कूलर खोलीत २७ अंशांच्या आसपासची हवा सोडतो. जूनमध्ये पावसाआधी पारा ३८ वर उतरला आणि आर्द्रता ५० टक्क्यांवर गेली, की ओला थर्मामीटर २९ दाखवतो आणि त्याच कूलरमधून ३१ अंशांची चिकट हवा येते. म्हणजे बाहेर सहा अंश कमी असूनही घरात चार अंश जास्त! आपल्या शरीराचा घामही नेमका याच तत्त्वावर चालतो. ओल्या थर्मामीटरचा पारा ३५ अंशांवर गेला, तर निरोगी माणसाचेही शरीर स्वतःला थंड करू शकत नाही, ही सैद्धांतिक मर्यादा मानली जाते. प्रत्यक्ष प्रयोगांत तरुण माणसांचाही तोल त्याच्या बराच खाली ढळलेला आढळला आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते, म्हणून तापणाऱ्या जगात आपला भरवशाचा कूलरच आधी हात टेकणार आहे.

रात्रीचेही लक्षात घ्यावे. दिवसभराचा ताण हृदय आणि मूत्रपिंडे रात्रीच्या गारव्यात भरून काढतात. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापून रात्री ती उष्णता खोलीत सोडत राहिला, तर ज्येष्ठांना हा विसावा मिळत नाही. उष्माघाताचे रुग्ण पहिल्या कडक दिवसापेक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढलेले मी पाहते, ते याचमुळे.

भाऊ (क-३०२): आमची शेती रावेरकडे आहे, म्हणून केळीचे सांगतो. केळीला २७ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते आणि ३८ च्या वर तिची वाढ थंडावते. मृगबाग जून-जुलैत लावतात, कांदेबाग ऑक्टोबरच्या सुमारास. पण कोणतीही बाग धरली तरी मे महिन्याच्या झळांतून किंवा डिसेंबरच्या थंडीतून तिची सुटका नसते. झळा लागल्या की पाने करपतात आणि घड सटकतात, तर पारा दहाच्या खाली गेला की निसवण, म्हणजे घड बाहेर पडणे, अडते. बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची भिंत उभी करायची रीत जुनीच आहे, आता त्यावर हिरवी जाळीही आली. पूर्वी मात्र हंगामाचा अंदाज धरून पाणी आणि खत ठरवता येत असे. आता फेब्रुवारीतच उकाडा येतो, मार्चमध्ये गारपीट होते आणि पाऊस आला तर एका रात्रीत आठवड्याचा पडून जातो. हवामान आधारित फळपीक विमा सलग किती दिवस किती अंश राहिले, यावर ठरतो, त्यामुळे आमच्याकडे आता गहू-हरभऱ्याच्या भावाइतकीच हवामान केंद्राच्या आकड्यांचीही चर्चा असते.

सर (अ-४०२): भाऊ, एका रात्रीत आठवड्याचा पाऊस पडतो, हे तुमचे निरीक्षण शास्त्राशी जुळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की, गुजरात-महाराष्ट्रापासून पूर्वेकडे जाणाऱ्या मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापून त्यावरून येणाऱ्या वाफेचे चढउतार वाढले, हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. गंमत अशी की, देशभरचा एकूण मोसमी पाऊस मात्र १९५१ ते २०१५ दरम्यान सुमारे सहा टक्क्यांनी घटला, असे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो. म्हणजे पडतो तेव्हा धो धो आणि मध्ये कोरडे खंड. सातशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे दोन्ही बाजूंनी महाग पडते, कारण आपली काळी जमीन ओली होऊन फुगली की पाणी सावकाश मुरते आणि एका झटक्यात आलेला पाऊस नाल्यातून थेट तापीला मिळतो.

अभियंता (अ-२०४): सर, एक शंका. जगाचे तापमान १.१ अंशांनी वाढले असे वाचतो, तर भारताचे १९०१ ते २०१८ मध्ये ०.७ अंशच. मग आपण थोडक्यात सुटलो, असे नाही का?

सर (अ-४०२): जगाचा आकडा २०११ ते २०२० या दशकाचा, १८५० ते १९०० च्या तुलनेतला आहे, आणि एकटे २०२४ हे वर्ष तर दीड अंशाच्याही थोडे वर गेले. आपला आकडा कमी दिसण्याचे एक कारण आनंदाचे नाही. चुली, वाहने आणि कारखान्यांचा धूर सूर्यप्रकाश थोडा अडवतो आणि गंगेच्या खोऱ्यात सिंचनाचे बाष्पीभवनही जमीन थोडी थंड ठेवते. धूर काही दिवसांत खाली बसतो, कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग मात्र शतकानुशतके हवेत राहतो. फुप्फुसांसाठी हवा स्वच्छ करावीच लागेल, आणि ती केली की झाकलेली उष्णता उघडी पडेल.

नाना (क-२०१): आता खरे सांगा. एका भारतीयामागे वर्षाला सुमारे दोन टन, एका अमेरिकनामागे सुमारे चौदा टन, असे माझ्या नातवाने शोधून दिले. मग गच्ची रंगवण्याचा खर्च आम्ही का करावा?

सर (अ-४०२): आकडे बरोबर आहेत आणि तक्रारही रास्त आहे, जागतिक परिषदांमध्ये भारत हेच मांडतो. पण पांढरा लेप जग वाचवण्यासाठी नाही, तो सर्वांत वरच्या मजल्यावरच्या माणसांसाठी आहे. कार्बन थांबवायचा तर कोळसा कमी जाळावा लागेल. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आहेत, ते काम त्यांचे. निव्वळ उत्सर्जन शून्यावर आले तर तापमानाची वाढ बहुतांशी थांबते, असे शास्त्र सांगते; झालेली वाढ मात्र लगेच उतरत नाही, म्हणून तोवर तग धरण्याची सोय करणे भाग आहे. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला आणि पुढे त्यातच वस्त्यांतली छपरे पांढरी करायला घेतली.

सदस्य (ब-००२): आम्ही तळमजल्यावर राहतो, आमच्या डोक्यावर तीन मजले आहेत. गच्चीच्या लेपाचा खर्च आमच्याकडूनही घेणार का?

सचिव (ब-१०३): गच्ची सर्वांची सामाईक आहे, गळती झाली तरी खर्च दुरुस्ती निधीतूनच होतो, म्हणून हाही त्याच निधीतून प्रस्तावित आहे. दरपत्रक देणाऱ्याने सांगितले ते असे की, उघडा स्लॅब दुपारी ६० अंशांपर्यंत तापतो आणि लेपाने खालच्या खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. मात्र आपल्याकडच्या वावटळींची धूळ बसली की परावर्तन घटते, तेव्हा पावसाळ्याव्यतिरिक्तही गच्ची धुवावी लागेल. त्या पाण्याचा प्रश्न सभेत घ्यावा.

नाना (क-२०१): मग माझी सूचना लिहून घ्या. यंदा फक्त ब विंगला लेप द्यावा आणि अ व क तशाच ठेवाव्यात. तिन्ही विंगच्या वरच्या मजल्यावर एकेक साधा थर्मामीटर लावू. मी पहाटे पाचला उठतोच, तेव्हाचे आणि रात्री दहाचे आकडे रोज वहीत मांडून ठेवीन. पावसाळ्यापूर्वी वही सरांकडे देईन. फरक दिसला, तर पुढच्या वर्षी उरलेल्या दोन विंगचा ठराव मी स्वतः मांडेन.

डॉक्टर ताई (ब-३०४): नाना, त्यातल्या एका थर्मामीटरला ओले कापड गुंडाळून दुसरा आकडाही मांडलात, तर जूनमध्ये मला तो फार उपयोगी पडेल. कापड मी पाठवते.