रंगाचे पोपडे सुटलेल्या जुन्या नंबर प्लेट्स: धुवायच्या की तशाच ठेवायच्या?

पत्रापेटी:
साधारण तीस जुन्या प्लेट्स एकगठ्ठा मिळाल्या आहेत. बहुतेक उठावाच्या अक्षरांच्या, रंगवलेल्या लोखंडी पत्र्याच्या. चार-पाच इनॅमलच्या (पत्र्यावर काचेचा थर भाजलेल्या) आहेत, काही उजेड परतवणाऱ्या चमकत्या फिल्मच्या. लोखंडीवर गंज आहे आणि कडेने रंग सुटतोय. किती साफ करायच्या, आणि ठेवायच्या कशा? इनॅमलमधली एखादी नक्कल असेल तर कशी ओळखायची?

गंजशत्रू:
पाण्याला हात लावण्याआधी चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड, नाही तर बहुधा ॲल्युमिनियम. दोन्हीकडे चुंबक चिकटत नसेल आणि प्लेट पुठ्ठ्यासारखी हलकी असेल तर ती अजिबात भिजवू नका. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती, तेव्हा अमेरिकेत इलिनॉयने १९४३ मध्ये सोयाबीनपासून केलेल्या फायबरबोर्डच्या प्लेट्स काढल्या होत्या. जनावरं त्या खायची, म्हणजे पाण्यात त्यांचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

रंगवलेल्या लोखंडी प्लेटला कोमट पाणी आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. मऊ सुती फडकं घ्या, आधी एका कोपऱ्यावर करून बघा. फडक्यावर रंग आला की तिथेच थांबा. पोपडे सुटलेल्या कडेला फडकं ओढायचं नाही, ओला कापूस नुसता टेकवायचा. धुतल्यावर लगेच पुसा आणि हेअर ड्रायरच्या कोमट हवेने सुकवा. दुमडलेली कड आणि अक्षरांची मागची खोलगट बाजू इथे पाणी साचतं, नवा गंज तिथूनच धरतो.

तारेची घासणी, सँडपेपर, व्हिनेगर नको. गंज जाईल, पण शेजारचा रंगही जाईल. पूर्ण सुकल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (अगदी बारीक स्फटिकांचं, संरक्षक थर देणारं मेण) पातळ हात द्या. तेल चोळल्यावर रंग खुलतो खरा, पण धूळ चिकटते.

पांढरी कड:
इनॅमलबद्दल. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९०३ मध्ये राज्यातर्फे दिलेल्या पहिल्या प्लेट्स याच प्रकारच्या, लोखंडावर काचेचा थर भाजून केलेल्या. अक्षरं आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या थरात भाजलेली असतात, त्यामुळे नख फिरवलं की रंगांच्या सीमेवर पायरी लागते. सपाट लागलं तर शंका घ्या.

नंतर भोकं बघा. खऱ्या वापरातल्या प्लेटवर बोल्टच्या डोक्याच्या घेरात टवके असतात, कारण बोल्ट आवळला की काच तडकते. मुद्दाम जुनी केलेली प्लेट मात्र कुठेही, विशेषतः मधोमध, फोडलेली दिसते आणि भोकं कोरीच. टवक्यातला गंजही पारखा: जुना गडद, घट्ट आणि काचेच्या कडेखाली शिरलेला असतो, आम्ल लावून आणलेला नारिंगी आणि भुसभुशीत.

टवक्यांवर रंग भरू नका. संग्राहक पहिल्यांदा तेच शोधतात.

आडवीउभी:
ठेवण्याचं. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या टाळा, त्यातला प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) रंगाला चिकटतो आणि पिशवी काढताना अक्षरं सोबत येतात. पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिस्टरच्या घ्या. एकावर एक रचल्या की वरच्या प्लेटची कड खालच्या अक्षरांचा माथा घासते, म्हणून उभ्या ठेवा, मध्ये आम्लरहित कागद. डबे आकाराप्रमाणे वेगळे लागतील: उत्तर अमेरिकेत १९५६ पासून १२ × ६ इंच हे माप रुळलं, युरोपातल्या लांबट प्लेट्स सहसा ५२० × ११० मिलिमीटर.

चमकत्या फिल्मला ॲसिटोन किंवा पेट्रोल लावू नका, वरचा थर धुरकटतो. नोंदणी नूतनीकरणाचे स्टिकर काढू नका, वर्ष त्यांच्यावरूनच ठरतं.

भिंतीवर लावताना स्क्रू आवळू नका. कडेला प्लॅस्टिकची नळी चढवलेले हुक वापरा, ऊन पडेल अशी भिंत नको. लाल रंग बहुधा आधी उडतो.

पत्रापेटी:
एका इनॅमल प्लेटला पायरी लागतेय, टवके भोकांभोवतीच आहेत, पण मागची बाजू काळी रंगवलेली आहे. ती नक्कल?

पांढरी कड:
एवढ्यावरून नाही. गंज झाकायला मालकाने रंगवली असेल. भोकाच्या आतल्या काठावर बघा: काळा रंग टवक्यातल्या गंजावर चढलेला असेल तर तो नंतरचा. आणि तो खरवडू नका, खाली निर्मात्याचा शिक्का असू शकतो. तिरपा टॉर्च धरला तर बऱ्याचदा रंगातूनही उमटतो.

गंजशत्रू:
एक राहिलं. काही देशांत प्लेट सरकारच्या मालकीची असते, परत करावी लागते. चालू नंबरची प्लेट घेऊच नका, आणि फोटो टाकताना नोंदणी रद्द झाल्याची खात्री नसेल तर आकडे झाका. तोच नंबर दुसऱ्या गाडीवर लावणारे असतात.