रेज अगेन्स्ट द मशीन: कंपनीच्या कराराने बंड बाटते का?

दुधनाकाठ (जालना):

लॉस एंजेलिस येथे १९९१ मध्ये जमलेल्या ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या चौघांच्या बँडची गाणी मी गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे. नुकतीच ती पुन्हा ओळीने ऐकली, आणि जो प्रश्न तेव्हाही मनात होता तो आता अधिक टोचू लागला, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांना हा बँड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झॅक डे ला रोचा रॅप करतो, टॉम मोरेलो गिटार वाजवतो, टिम कॉमरफर्ड बेस आणि ब्रॅड विल्क ड्रम सांभाळतो. रॉकचा जड ठेका, त्यावर गाण्याऐवजी रॅप, आणि विषय सत्ता, पोलीस, भांडवल व त्यांच्याखाली भरडला जाणारा माणूस, हे यांचे कायमचे स्वरूप आहे.

यांची पहिली कॅसेट त्यांनी स्वतःच काढून विकली होती. त्या बारा गाण्यांच्या कॅसेटच्या वेष्टनावर वर्तमानपत्रातले शेअर बाजाराचे पान होते आणि सोबत आगपेटीतली एक खरी काडी चिकटवलेली होती. काडी लावणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु लवकरच याच मंडळींनी सोनीच्या मालकीच्या एपिक या कंपनीशी करार केला, आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये पहिला अल्बम त्या कंपनीच्या शिक्क्यानिशी बाजारात आला. त्याच्या मुखपृष्ठावर १९६३ साली सायगावच्या चौकात स्वतःला जाळून घेणाऱ्या थिक क्वांग डुक या बौद्ध भिक्खूचे छायाचित्र आहे. एका भिक्खूच्या आत्मदहनाचे चित्र एका बहुराष्ट्रीय कंपनीने दुकानात टांगून विकले, हे वाक्य मला आजही सहज गिळता येत नाही.

१९९६ चा ‘एव्हिल एम्पायर’ आणि १९९९ चा ‘द बॅटल ऑफ लॉस एंजेलिस’ हे दोन्ही अल्बम अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेले. ऑक्टोबर २००० मध्ये झॅक बाहेर पडला, त्याच डिसेंबरात इतरांच्या गाण्यांचा ‘रेनेगेड्स’ आला, आणि त्यानंतर आजतागायत नवा अल्बम झालेला नाही. म्हणजे स्वतःच्या रचनांचे अवघे तीन अल्बम, आणि तिन्ही त्याच कंपनीचे. मोंढ्यात आडत्याच्या ओट्यावर बसायचे, त्याचाच चहा घ्यायचा आणि त्याच्याच काट्यातल्या मापाविरुद्ध भाषण ठोकायचे, तसा हा प्रकार झाला. भाषण ऐकून टाळ्या पडतात, परंतु त्या टाळ्यांवरही आडत्याची अडत कापली जाते. त्यामुळे या कारकिर्दीला बंड म्हणण्यापेक्षा बंडाचा यशस्वी व्यापार म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल, असे माझे मत झाले आहे. (मी स्वतः यांना १९९८ मध्ये वसतिगृहात कोऱ्या कॅसेटवर भरून घेऊन ऐकले, त्यामुळे कंपनीला माझ्याकडून एक छदामही मिळालेला नाही, एवढेच समाधान.)

सिंदफणा (बीड):

दादा, मोंढ्याचा दाखला सुरेख आहे, पण तो तुमच्याच अंगावर येतो. शेतमालाच्या मापाविषयी बोलायचे तर सभा मोंढ्यातच घ्यावी लागते. ती माळावर घेतली तर ऐकायला फक्त बाभळी असतात. त्या काळात गाणे गावोगावच्या दुकानात पोहोचण्याचा रस्ता कंपनीच्या गोदामातूनच जात होता, आणि गाण्यांत काय असावे याचा निर्णय बँडकडेच राहील हे कंपनीने मान्य केले होते.

त्या ओट्याचा त्यांनी काय उपयोग केला, तेही पाहा. १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महोत्सवात, अल्बमांवर इशाऱ्याच्या चिठ्ठ्या लावायला भाग पाडणाऱ्या समितीच्या निषेधार्थ हे चौघे तोंडावर पट्ट्या लावून आणि छातीवर त्या समितीच्या नावाची आद्याक्षरे लिहून, अंगावर एकही कपडा न ठेवता, चौदा-पंधरा मिनिटे नुसते उभे राहिले आणि एकही गाणे वाजवले नाही. एप्रिल १९९६ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात, ज्या दिवशी स्टीव्ह फोर्ब्स हे धनाढ्य उद्योजक सूत्रसंचालक होते, त्या दिवशी यांनी ध्वनिवर्धकांवर अमेरिकेचे ध्वज उलटे टांगले. कामगारांनी ते ऐनवेळी उतरवले, बँडचे दुसरे गाणे रद्द झाले आणि त्यांना इमारतीबाहेर काढण्यात आले. २६ जानेवारी २००० रोजी तर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारासमोर चित्रीकरण करून त्यांनी अख्खा बाजार बंद पाडला. हा व्यापार असेल तर फार तोट्याचा व्यापार म्हणावा लागेल.

माझे काका शाहिरी करत. सरकारी योजनांच्या प्रचारासाठी कलापथके गावोगाव पाठवली जात, त्यांतल्या एकात ते डफावर असत. साक्षरतेवर एक कवन, कुटुंब नियोजनावर एक कवन, असा ठरलेला कार्यक्रम असे. मात्र शेवटच्या कवनाआधी काका रोजगार हमीच्या मस्टरवरच्या खोट्या नावांविषयी स्वतःच्या चार ओळी घालत आणि झीलकरी त्या उचलून धरत. ज्या खात्याने जीप दिली त्याच खात्याचा माणूस पुढच्या खुर्चीवर पाय पसरून बसलेला असे. पुढे मानधन दीड वर्षाने मिळाले, हा भाग वेगळा. माझ्या लेखी काका विकले गेले नव्हते. झॅकचा रॅप आणि काकांचा पोवाडा यांत मला तरी फरक दिसत नाही.

खाम (छत्रपती संभाजीनगर):

दोन दुरुस्त्या कराव्याशा वाटतात. बाजार बंद पडला ही दंतकथा आहे. मायकल मूर यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रीकरण चालू असताना जमाव आत शिरू पाहत होता म्हणून दरवाजे लावून घेण्यात आले, परंतु आतले व्यवहार शांतपणे चालूच राहिले. बंडाविषयी बोलताना बंडाची फुशारकी तपासून घेतलेली बरी.

दुसरे म्हणजे, रॅप म्हणजे आपला पोवाडाच, हे वाक्य आता फार झिजले आहे. पोवाड्याला कथा असते, नायक असतो, प्रसंगामागून प्रसंग येतो. झॅककडे कथा जवळजवळ नसतेच. ‘किलिंग इन द नेम’ या गाण्यात नकाराची एकच ओळ सुरुवातीला कुजबुजल्यासारखी येते आणि मग तीच ओळ चढत चढत किंकाळीपर्यंत जाते. आपल्याकडे याचे नाते जोडायचेच असेल तर मोर्चातल्या घोषणेशी जोडावे.

तुम्ही दोघेही करारावर भांडत आहात आणि वाद्याकडे कुणाचे लक्षच नाही. पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर त्यांनी मुद्दाम छापले होते की यात उचललेले ध्वनितुकडे, कीबोर्ड वा सिंथेसायझर वापरलेले नाहीत. हे छापावे लागले, कारण ऐकणाऱ्याला गिटार ओळखू येत नाही. मोरेलो काय करतो ते मी चित्रफीत थांबवून थांबवून पाहिले आहे. गिटारच्या दोन पिकअपपैकी (तारांचे कंपन टिपणारे भाग) एकाचा आवाज तो शून्यावर नेऊन ठेवतो, आणि मग डावा हात तारांवर घासत उजव्या हाताने दोहोंमधली कळ इतक्या वेगाने वरखाली करतो की आवाज तुटक तुटक होऊन तबकडी घासल्यासारखा ऐकू येतो. डीजेच्या यंत्राचे काम त्याने सहा तारांवर आणि एका बटणावर आणले. मी गिटार दुरुस्त करतो, त्यामुळे एक सांगतो की ही युक्ती शिकण्याच्या नादात आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या गिटारींत सर्वांत आधी तीच कळ खराब झालेली असते. रॅप आणि रॉक यांची नुसती मोट बांधणारे बँड पुढे पुष्कळ निघाले, परंतु रॅपची भाषा गिटारला बोलायला लावणारे हेच.

दुधनाकाठ (जालना):

खाम यांची पहिली दुरुस्ती माझ्या पथ्यावर पडते, म्हणून तिचे आभार मानतो. दरवाजे बंद झाले आणि व्यवहार चालू राहिले, हीच या बँडची सगळी गोष्ट आहे.

सिंदफणा यांच्यासाठी २००९ चा दाखला देतो. ब्रिटनमध्ये सलग चार वर्षे ‘एक्स फॅक्टर’ या स्पर्धेच्या विजेत्याचे गाणे नाताळाच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर येत होते. त्याला कंटाळून एका दांपत्याने मोहीम काढली, लोकांनी ‘किलिंग इन द नेम’ विकत घेतले, पाच लाखांहून अधिक प्रती इंटरनेटवरून उतरवून घेतल्या गेल्या आणि सतरा वर्षांपूर्वीचे हे गाणे पहिले आले. केवढा जल्लोष झाला! परंतु हरलेले गाणेही सोनीच्याच छत्राखालील कंपनीचे होते. कोंबडे कोणतेही जिंको, पैज लावणाऱ्याचा खिसा एकच. आणि काकांविषयी विचारतो, राग मानू नका: दीड वर्ष मानधन अडकल्यावर त्यांनी ते कलापथक सोडले की नाही?

तेरणा (धाराशिव):

धाग्याच्या शीर्षकातच ‘बाटणे’ हा शब्द पाहून मी थबकले. आपल्या भागात हा शब्द कुणी कुणासाठी वापरला, ते आपण सर्वजण जाणतो. बंडाला सोवळ्यात बसवायचे आणि मग त्याला कुणाचा स्पर्श झाला याची चौकशी करायची, ही पद्धतच मला मान्य नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत ज्यांच्या गाण्यांनी ही चळवळ धरून ठेवली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या कॅसेटी व्यापारी कंपन्यांनीच काढल्या होत्या. दर १४ जानेवारीला विद्यापीठ गेटसमोर पुस्तकांच्या शेजारी पथारीवर त्या मांडलेल्या असत, आणि एकाच वेळी चार दुकानांतून चार गाणी वाजत. माझे वडील एका हाताने मला धरून दुसऱ्या हाताने कॅसेटीवरचे नाव वाचत. कंपनीचे नाव त्यांनी कधी वाचल्याचे मला आठवत नाही.

दुधनाकाठ यांनी मांडलेला नाताळाचा हिशेब बरोबर असला तरी अपुरा आहे. त्या मोहिमेने बेघरांसाठी काम करणाऱ्या ‘शेल्टर’ या संस्थेसाठी पैसा उभा केला, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे, तोवर झॅकसह पुन्हा एकत्र आलेल्या बँडने जून २०१० मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये विनामूल्य कार्यक्रमही केला. सोनीला पैसे मिळाले म्हणून बेघरांना मिळालेले खोटे ठरत नाहीत.

माझी तक्रार निराळी आहे. २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन यांनी हा आपला आवडता बँड असल्याचे सांगितले होते, आणि ज्या यंत्राविरुद्ध आम्ही गातो त्याचेच हे गृहस्थ मूर्तिमंत रूप आहे, अशा आशयाचे उत्तर मोरेलोने लेख लिहून दिले. उत्तर झणझणीत होते, पण ते लेखात होते. नवे गाणे नव्हते. राग एवढा खरा, तर वीस वर्षे नवे कवन का सुचू नये? झॅक गेल्यावर बाकीच्या तिघांनी ख्रिस कॉर्नेल या गायकाला घेऊन ‘ऑडिओस्लेव्ह’ हा बँड काढला, पण त्या गाण्यांत ही धग नव्हती. झॅकने तर एकट्याचा पूर्ण अल्बमही काढला नाही. शाहीर दमला तर झीलकऱ्यांनी ओळ धरायची असते. येथे ओळच थांबली.

मांजरा (लातूर):

ताईंचा शेवटचा मुद्दा सोडून बाकी सारे पटले. न सुचताना न लिहिणे हाही प्रामाणिकपणाच आहे. त्या तीन अल्बमांच्या शिळ्या कढीला ऊत आणून सात-आठ अल्बम काढता आले असते, आणि ते खपलेही असते. २०२२ चा दौराच पाहा. ११ जुलै रोजी शिकागोत, दौऱ्याच्या दुसऱ्याच कार्यक्रमात, झॅकच्या टाचेमागचा स्नायुरज्जू (अकिलीस टेंडन) फाटला. त्याने सामानाच्या एका पेटीवर बसून उरलेला कार्यक्रम पुरा केला, आणि पुढचे कार्यक्रमही न्यूयॉर्कपर्यंत बसूनच केले. मी त्या चित्रफिती पाहिल्या आहेत. कमरेपासून वर तो माणूस थांबलेला दिसत नाही. नंतर उरलेला दौरा रद्द झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये ब्रॅड विल्कने आता पुन्हा कार्यक्रम होणार नाहीत असे जाहीर केले.

दुधनाकाठ (जालना):

तेरणाताई, शीर्षकातला शब्द माझ्याकडून विचार न करता गेला. तो बदलता आला तर बदलतो, न आल्यास आपली हरकत खाली आहेच. कॅसेटींचा मुद्दा मला निरुत्तर करतो, हे मान्य करतो. मात्र एक भेद मी तरीही राखीन. विद्यापीठ गेटसमोर विकणारा, घेणारा आणि गाणारा हे एकाच रस्त्यावरचे लोक होते, त्यामुळे पैसा फिरून तेथेच येत असे. न्यूयॉर्कच्या कंपनीच्या बाबतीत मला तसे म्हणवत नाही. आणि सिंदफणा, माझा प्रश्न अजून तसाच आहे.

सिंदफणा (बीड):

काल रात्री काकूंना फोन करून विचारले. काकांनी कलापथक सोडले नाही. अडकलेले मानधन एकरकमी मिळाले तेव्हा त्यांनी डफाला नवे चामडे चढवून घेतले आणि उरलेल्या पैशांत झीलकऱ्यांची जुनी उसनवारी फेडली. मस्टरवरच्या त्या चार ओळींच्या पुढच्या हंगामात सहा झाल्या होत्या, असे काकू म्हणाल्या. त्यांतल्या दोन त्यांना पाठ आहेत, पण त्यांत तेव्हाच्या एका माणसाचे नाव येते, म्हणून येथे लिहीत नाही.