स्विचची सेटिंग नुसती बघायचीय, काही बिघडणार नाही ना?

फायबरवाला_कोल्हापूर:
भावांनो, गोकुळ शिरगावात एका छोट्या इंटरनेट कंपनीत लागून दोन महिने झालेत. परवा वळीव झाला, लाईट गेली, यूपीएस उतरला आणि एका पॉपमधला (भागातल्या लाईनी एकत्र येतात ती जागा) स्विच, म्हणजे त्या लाईनी जोडणारी पेटी, बंद होऊन परत चालू झाला. चालू झाला खरा पण तीसेक गिऱ्हाईकांचं नेट काय आलंच नाही, शेवटी सर रात्री अकराला आले आणि कायतरी टाईप करून सुरू केलं. आता म्हणालेत सगळ्या स्विचची सेटिंग काढून ठेव. मी आजवर वेब पेजवरनंच काम केलंय, ह्या काळ्या स्क्रीनवर एंटर मारायला हात धजत नाही कारण लाईन चालू आहे. नुसतं बघता येतं का? बरेच सिस्को कॅटॅलिस्ट आहेत, दोन हुवावे.

जुना_कन्सोल:
भिऊ नको भावा, 'शो' नं सुरू होणारी कमांड सेटिंग फक्त वाचून दाखवते. लॅपटॉपवरनं थेट स्विचला कन्सोल केबल लाव, पुट्टी (कमांड टाईप करायचं सॉफ्टवेअर) उघडून स्पीड ९६०० ठेव. नावापुढं > दिसलं तर 'इनेबल' मार, # येतंय, तिथंच थांबायचं. कंसात 'कॉन्फिग' दिसलं म्हणजे तू बदल करायच्या जागी गेलायस, 'एंड' मारून बाहेर ये. आधी 'टर्मिनल लेंथ ०' मार नाहीतर दर पानाला 'मोर' म्हणून अडतंय, आणि पुट्टीचं लॉगिंग चालू कर म्हणजे सगळं फाईलीत पडतंय.
मग 'शो रनिंग-कॉन्फिग' आणि 'शो स्टार्टअप-कॉन्फिग', दोन्ही काढ. दोन्ही म्हणजे दोन्हीच! रनिंग रॅममध्ये असते, आत्ता चालू आहे ती. स्टार्टअप एनव्हीरॅममध्ये, म्हणजे लाईट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, लाईट जाऊन आली की स्विच हीच उचलतो. परवा काय झालं ते ह्या दोघींच्या फरकात सापडेल बघ.

शाहूपुरी_नेट:
हुवावेवर 'शो' चालत नाही, तिथं 'डिस्प्ले करंट-कॉन्फिगरेशन' आणि 'डिस्प्ले सेव्हड-कॉन्फिगरेशन', पान अडू नये म्हणून 'स्क्रीन-लेंथ ० टेम्पररी'.
सिस्कोवर 'शो व्हीलॅन ब्रीफ' विसरू नको (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर पाडलेले वेगवेगळे नेटवर्कचे गट). स्विच व्हीटीपीच्या (व्हीलॅनची यादी स्विचमध्ये वाटायची सिस्कोची पद्धत) 'सर्व्हर' मोडमध्ये असेल तर व्हीलॅन रनिंगमध्ये दिसतच नाहीत, त्या फ्लॅशमधल्या व्हीलॅन डॉट डॅट फाईलीत असतात. मी एकदा रनिंग कॉपी करून नवीन स्विचवर चढवली, पोर्ट सगळे बरोबर पण व्हीलॅनच नाहीत, दोन तास केबली हलवत बसलेलो.
आणि 'डिबग'ला (स्विचच्या आतली हालचाल लाईव्ह दाखवणारी कमांड) हात लावू नको, ते नुसतं बघणं नाही, चालू स्विचचा सीपीयू शंभरावर जाऊ शकतो.

लाईनमन_उचगाव:
काढलेली फाईल ग्रुपवर टाकू नका. पासवर्डापुढं ७ लिहिलेला असतो तो प्रकार काही सेकंदात उलगडता येतो.

फायबरवाला_कोल्हापूर:
दादा सापडलं! त्याच स्विचच्या दोन्ही फायली नोटपॅडात शेजारी शेजारी लावल्या आणि ओळीन् ओळ बघत गेलो. अपलिंक पोर्टवर (पुढच्या मोठ्या नेटवर्कला जोडणारा) जाऊ दिलेल्या व्हीलॅनची ओळ, रनिंगमध्ये 'स्विचपोर्ट ट्रंक अलाऊड व्हीलॅन १०,२०,३०' आणि स्टार्टअपमध्ये नुसतं '१०,२०'. ३० म्हणजे तीच गिऱ्हाईकं. म्हणजे परवा रात्री चालू केलं पण सेव्ह अजून झालेलंच नाही, आज लाईट गेली तर परत तेच. इकडं आभाळ भरून आलंय, सरांना फोन लावलाय, निघालेत 'कॉपी रनिंग स्टार्टअप' मारायला.