व्हजायनोप्लास्टीआधी केस काढणे: लेझर की इलेक्ट्रोलिसिस?

व्हजायनोप्लास्टी, म्हणजे योनी तयार करण्याची शस्त्रक्रिया, पेनाइल इन्व्हर्जन पद्धतीने व्हायची आहे; तिला अजून सव्वा वर्ष आहे. त्वचा सावळी, केस बहुतेक काळे, मधे थोडे पांढरे. नेमके कुठले केस काढायचे, कशाने (लेझरने की इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेने) आणि सुरुवात कधी करायची? सल्ला हवा आहे.

प्रतिसाद १
सुरुवात आत्ताच करा, सव्वा वर्ष हातचं जाऊ देऊ नका. सगळे केस एकदम उगवत नाहीत. आज जे सुप्त आहेत ते तीन महिन्यांनी डोकं वर काढतात, म्हणून एकाच जागेवर पुन्हापुन्हा काम करावं लागतं.

आधी सर्जनकडून जागेची आकृती मागून घ्या. या पद्धतीत लिंगाची त्वचा आत वळवली जाते आणि बहुधा वृषणकोशाच्या त्वचेचा तुकडाही जोडतात. त्यामुळे लिंगाचा दांडा आणि त्याचं मूळ, वृषणकोश आणि त्यामागचा पट्टा यांतलं काय काय लागेल ते सर्जनच्या पद्धतीवर ठरतं. लिंगाच्या वर, ओटीपोटाखालच्या भागातले केस बाहेरच राहणार असतात, ते सहसा ठेवतात. आत केस राहिले तर त्यांचे गुंते होतात, स्राव साचतो, जंतुसंसर्ग होतो, आणि तिथे नंतर सुई पोचवणं फार कठीण जातं.

प्रतिसाद २
तुमच्यासाठी दोन्ही. काळ्या केसांना आधी लेझर, उरलेल्यांना आणि पांढऱ्यांना इलेक्ट्रोलिसिस. लेझर केसातला काळा रंग पकडतं, पांढऱ्यात तो नसतोच.

सावळ्या त्वचेवर एनडी-याग या प्रकारचं लेझर, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, हेच मागा. तिथली त्वचा अंगापेक्षाही गडद असते; कमी तरंगलांबीच्या यंत्राने भाजून डाग पडू शकतात. घरगुती आयपीएल (प्रकाशाच्या झोताने केस काढणारं यंत्र) तिथे अजिबात वापरू नका. फेऱ्या ४ ते ८ आठवड्यांच्या अंतराने, साधारण ६ ते ८.

लेझरच्या आदल्या दिवशी दाढीसारखं वस्तऱ्याने साफ करायचं. वॅक्सिंग, चिमटा, धागा या काळात बंद, कारण मूळच उपटलं तर लेझरला पकडायला काही उरत नाही. इलेक्ट्रोलिसिसला उलट: केस २-३ मिलिमीटर वाढलेला हवा, नाहीतर चिमट्यात येत नाही. लेझरनंतर दोन-तीन आठवडे जळके केस बाहेर येत राहतात, ती नवी वाढ नसते.

प्रतिसाद ३
इलेक्ट्रोलिसिसची खूण लक्षात ठेवा: मूळ नीट मेलं असेल तर केस अलगद सरकून येतो. ओढ जाणवली की तो उपटला जातोय, लगेच सांगा.

दुखतं, हे खरं. बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेन क्रीम मिळतं, पण ही त्वचा औषध पटकन शोषते, त्यामुळे किती आणि किती वेळ हे डॉक्टरांनी सांगावं. मोठ्या भागावर जाड थर लावून तासन्‌तास झाकून ठेवणं धोक्याचं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. नंतर थंड शेक, सैल सुती कपडे, दोन दिवस गरम पाण्याची अंघोळ नको.

प्रतिसाद ४
एक राहिलं. शेवटच्या फेरीनंतर साधारण तीन महिने काहीही न काढता थांबा. तेवढ्यात काही उगवलं तर पुन्हा फेरी करायला वेळ हातात हवा. काही सर्जन शस्त्रक्रियेतच मुळं खरवडतात किंवा जाळतात, पण ते वृषणकोशाच्या सुट्या तुकड्यावर जमतं. लिंगाची त्वचा रक्तवाहिन्यांसकट ठेवायची असल्याने तिथे तसं खरवडता येत नाही. आणि योनीमार्ग न बनवता फक्त बाहेरचा भाग घडवणारी व्हल्वोप्लास्टी ठरली तर बहुधा हे सगळं लागणारच नाही, म्हणून पहिली फेरी घ्यायच्या आधी पद्धत पक्की करून घ्या.