मदत हवी आहे : सातवीच्या वर्गात मामूल भाजण्याविषयी

नमस्कार. जगातील धार्मिक सणांची ओळख सातवीच्या मुलांना त्या त्या सणाचे गोड पदार्थ भाजून करून द्यावी, असा उपक्रम मी शाळेत आखत आहे. सुरुवात मामूलपासून करण्याचा विचार आहे, कारण रवा आणि लोणी यांच्या पारीत खजूर, अक्रोड किंवा पिस्ते भरून भाजलेला हा पदार्थ सीरिया-लेबनॉनकडचे मुसलमान ईदला, ख्रिस्ती ईस्टरला आणि मूळचे तिथले ज्यू पुरीमला करतात. एकाच घाण्यात तीन धर्मांचे सण समजावण्याची अशी संधी क्वचितच मिळते. शिवाय त्यात अंडे लागत नाही, ही पालकसभेच्या दृष्टीने मोठीच सोय.

मामूलला नक्षीचे लाकडी साचे वापरतात. त्याऐवजी आपला मोदकाचा साचा चालेल का, की उंच आकारामुळे ते आतून कच्चे राहतील? लोण्याऐवजी साजूक तूप घेतल्यास रवा किती वेळ मुरवावा? शाळेत एकच लहान ओव्हन असल्याने आदल्या दिवशी भरून फ्रीजमध्ये ठेवलेले मामूल भाजताना तडकतात का? (ॲलर्जीच्या शक्यतेमुळे सारण फक्त खजुराचेच ठेवणार आहे.)

कोकणातील बेने इस्रायली (मराठी ज्यू) घरांत एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने होणारा पोहे, नारळ आणि गुळाचा मलिदा भाजायचा नसला तरी या उपक्रमाला जोडावासा वाटतो. तो वर्गात करून दाखवणे उचित ठरेल की केवळ माहिती द्यावी, हे त्या समाजातील कोणी सांगितल्यास मी आभारी राहीन.