येझदी रोडकिंग: नवीन क्लच प्लेटा भिजवून टाकायच्या का कोरड्याच?

रोडकिंगवाला (चाळीसगाव)
राम राम मंडळी. आमच्या आप्पांची रोडकिंग, ८५ ची, आठ वर्षं गोठ्यात उभी होती ती दिवाळीत बाहेर काढली. सपाटीला झकास पळते, पण परवा लहान भावाला मागं बसवून कन्नड घाट चढायला घेतला तर अर्ध्यात इंजिन नुसतं बोंबलतंय अन् गाडी पुढं सरकेना, वरून जळका वास. खोलून पाहिलं तर प्लेटांचा कॉर्क पार झिजून पत्र्याला टेकलेला. नवीन सेट आणलाय. मेकॅनिक म्हणतो कोरड्याच टाक, तेल आपोआप लागतं. मित्र म्हणतो टूटी ऑइलमध्ये भिजव. कोणाचं ऐकू? आणि घरी कारचं इंजिन ऑइल उरलंय ते गिअरबॉक्सला चालेल का

धुळेकर टूस्ट्रोक
कोरड्या टाकू नको भो, पहिल्याच फेरीत कॉर्क जळतो. पराती​त तेल ओतून रात्रभर बुडवून ठेव, आणि जे तेल गाडीत टाकणार तेच घे. टूटी पेट्रोलात मिसळायचं, त्याचा क्लचशी काय संबंध? या गाडीत गिअरबॉक्स न् क्लच एकाच तेलात असतात. कारचं तेल तर बिलकुल नको, त्यात घर्षण कमी करायची रसायनं असू शकतात, नव्या प्लेटा पण सरकतील. बाइकचं घे, डब्यावर जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं बघून.

भुसावळचा फिटर
सगळे कॉर्कच्याच मागे लागतात, मधल्या स्टील प्लेटा कोणी बघत नाही. रॉकेलनं धुवून एकेक काचेवर ठेव आणि कडेला बोटानं दाब, डुगडुगली की वाकडी समज. निळी पडलेली पण फेक, ती तापून गेलीये. चांगल्या निघतील त्यांच्यावर पॉलिश पेपर हलका फिरव, चकाकी गेली पाहिजे. आणि क्लचच्या डब्याच्या खाचेत नख घालून बघ, प्लेटांच्या दातांनी खड्डे पाडले असतील तर प्लेट तिथं अडकते, मग क्लच दाबूनही गाडी ओढत राहते, न्यूट्रल सापडत नाही. बारीक खड्डा कानसनं निघतो, खोल असला तर डबाच बदल.
स्प्रिंगा काढताना खाली जुनं धोतर अंथर. माझा एक पार्ट उडून थेट गटारीत गेला होता.

अमळनेरी
वरचं सगळं बरोबर, पण मुळात कॉर्क जळला कशानं? हँडलच्या लिव्हरला ढील आहे का बघा आधी. दोन-तीन मिमी मोकळी हलली पाहिजे. केबल ताणलेली असली तर क्लच कायम अर्धवट सुटलेला राहतो, नवीन प्लेटा पण महिनाभरात जातील. जावा-येझदीत गिअरचा पाय दाबला तरी क्लच सुटतो, म्हणून दोन्हीकडचं जमवावं लागतं: आधी इंजिनकडचा स्क्रू, मग केबल.

रोडकिंगवाला (चाळीसगाव)
अमळनेरी भाऊ, पकडलं तुम्ही! लिव्हरला ढील शून्य. दिवाळीत आप्पाच म्हटले होते क्लच जड लागतो, तेव्हा मीच केबल ताणली होती 🙈 स्टीलच्या दोन प्लेटा काचेवर डुगडुगल्या, एक निळीशार. कॉर्कच्या आत्ता परातीत बुडवून ठेवल्यात, आई विचारतेय परात परत कधी मिळणार.

धुळेकर टूस्ट्रोक
परात आता विसर, आईला नवीन घेऊन दे

भुसावळचा फिटर
साइड कव्हरचं पॅकिंग नवीन टाकशील बरं, जुनंच लावलं तर सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं.