रहस्यकथेत लेखकाने वाचकापासून काही लपवावे का?

पांदणवाट (दारव्हा)

रहस्यकथेच्या बाबतीत माझा एक आग्रह आहे आणि तो येथील वाचकांसमोर मांडून त्यावर वाद व्हावा अशी इच्छा आहे. गुप्तहेराला जे दिसले, ते वाचकालाही दिसले पाहिजे. शेवटच्या प्रकरणात सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवून गुप्तहेर जेव्हा सांगतो की तो मधल्या काळात गुपचूप परगावी जाऊन आला आणि मयताला एक सावत्र भाऊ असल्याचे त्याला तेथे कळले, तेव्हा आधीची सगळी पाने मी ज्या बारकाईने वाचली ती बारकाई वाया जाते. सावत्र भाऊ असण्याला माझी हरकत नाही. परंतु त्याचा मागमूस दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात कोठेतरी, लग्नपत्रिकेवरच्या एखाद्या नावात किंवा म्हातारीच्या बोलण्यात, यायला हवा होता.

ही केवळ माझी हौस नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथाही लिहीत असे, 1929 साली रहस्यकथेसाठी दहा नियम लिहिले. गुन्हेगार कथेत लवकर यावा, कोणालाही ठाऊक नसलेले विष वापरू नये, वाचकाची तयारी करून घेतल्याशिवाय जुळे भाऊ आणू नयेत आणि गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा तत्काळ वाचकासमोर ठेवावा, असे त्यांत म्हटले आहे. माझ्या मते यांतला दुव्यांचा नियम सर्वांत मोलाचा आहे.

मला रहस्यकथेत सर्वाधिक आनंद कधी होतो, तर उलगडा झाल्यावर पुस्तक मागे चाळताना. ज्या वाक्यावरून आपण सहज पुढे गेलो, त्यातच सगळे लिहिलेले होते हे दिसले की लेखकाला मनापासून दाद द्यावीशी वाटते. हा आनंद जो लेखक देत नाही, त्याने वाचकाला फसवले असेच मी म्हणेन.

ग्रंथपाल (आर्वी)

भाऊ, आपल्या म्हणण्याचा आदर ठेवून मी पूर्ण विरोध नोंदवतो. मी तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तके देण्या-घेण्याचे काम करतो, आणि तेथे मला दिसणारा वाचक आपण वर्णन केलेल्या वाचकापेक्षा फार वेगळा आहे. आमच्याकडील एका जुन्या रहस्यकादंबरीत कोणीतरी पहिल्याच प्रकरणात खुन्याच्या नावाखाली निळ्या पेनाने दोन रेघा मारून समासात ‘हाच’ असे लिहून ठेवले आहे. तरीही ते पुस्तक कपाटात फार काळ टिकत नाही. नेणारे पाने चाळताना त्या रेघा पाहतात, हसतात आणि पुस्तक नावावर नोंदवून घेतात. काही वाचक तर तेच पुस्तक वर्षाआड पुन्हा मागतात. उलगडा हाच रहस्यकथेचा प्राण असता, तर असे घडले नसते.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांच्या कथा मागायला जे आजोबा आजही आमच्याकडे येतात, त्यांना दुवे जुळवायचे नसतात. त्यांना नायकाचे धाडस हवे असते, रात्रीचे वर्णन हवे असते, एका बैठकीत पुस्तक संपले पाहिजे असे वाटत असते. आपण ज्यांना नियम म्हणता, त्या नियमांत शेरलॉक होम्सदेखील बसत नाही. तो कित्येकदा कोणालातरी तार करतो आणि त्या तारेत काय होते ते कथा सांगणाऱ्या वॉटसनला, म्हणजे आपल्यालाही, शेवटीच कळते. त्यावरून होम्सला फसवा ठरवणारा वाचक मला आजवर भेटलेला नाही.

वाचकांची खरी तक्रार मी सांगतो, कारण ती मला काउंटरवर रोज ऐकू येते. मधली शंभर पाने रेंगाळणारी असतात, पात्रांची नावे एकसारखी असल्याने कोण कोणाचा कोण हे लक्षात राहत नाही, आणि खुनाचे कारण शेवटी इतके किरकोळ निघते की एवढ्यासाठी माणूस जीव घेईल यावर विश्वास बसत नाही. यातील तिसरी तक्रार सर्वांत जास्त येते.

पांदणवाट (दारव्हा)

किरकोळ कारणाबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे. परंतु होम्सचे उदाहरण माझ्या बाजूचेही आहे. ज्या कथांमध्ये होम्स समोरच्या माणसाची बाही, बूट आणि हात पाहून निष्कर्ष काढतो, त्या कथा लोकांना तोंडपाठ असतात, कारण ती बाही आपणही पाहिलेली असते. तारेच्या जोरावर सुटलेली कथा तितकी आठवत नाही. पुस्तक पुन्हा वाचणारा वाचकदेखील माझ्याच मताचा साक्षीदार आहे: खुनी ठाऊक असताना तो पुन्हा वाचतो, ते लेखकाने दुवे कोठे पेरले हे पाहण्यासाठी.

ग्रंथपाल (आर्वी)

तो कशासाठी वाचतो हे आपण त्याच्या वतीने ठरवत आहात.

संत्राबाग (मोर्शी)

आपण दोघेही ज्या कादंबऱ्यांबद्दल बोलत आहात, त्या बंगल्यात किंवा महानगरात घडतात. माझा आक्षेप त्याआधीचा आहे. मराठी रहस्यकथा खेड्यात आली की लेखक एकतर भूत आणतो किंवा गावकऱ्यांना मूर्ख ठरवून शहरातून हुशार अधिकारी आणतो. आमच्याकडील जमिनीची, हंगामाची आणि सरकारी कामकाजाची त्याला माहिती नसते, आणि मग दुवा वाचकासमोर ठेवला काय किंवा लपवला काय, तो मुळातच खोटा असतो.

ठशांचेच पाहा. भर पावसाळ्यात वावरातून पळालेल्या माणसाच्या बुटाचा क्रमांक गुप्तहेर ठशावरून सांगतो असे वाचले की मी पुस्तक बाजूला ठेवतो. काळ्या मातीत श्रावणात चार पावले चालून पाहावे. चिखल बुटाला चिकटत जाऊन तळव्याखाली गोळा तयार होतो आणि मागे उरतो तो एक बेढब खळगा, ज्यावरून तो पुरुषाचा पाय की बाईचा हेही सांगता येत नाही. उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळून इतकी कडक होते की ठसा उमटतच नाही. पाऊस उघडून दोन-तीन दिवसांनी वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली, की मगच चांगला ठसा मिळतो. हे ज्या लेखकाला ठाऊक असेल, तो खुनाचा दिवसच त्यावरून ठरवू शकेल.

विषाचेही तसेच आहे. कादंबरीत सायंकाळपर्यंत डॉक्टर विषाचे नाव सांगतात. आमच्याकडे शवविच्छेदन ग्रामीण रुग्णालयात होते, व्हिसेरा, म्हणजे मयताच्या आतड्या-अवयवांचे नमुने, राखून नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो आणि अहवालाची वाट आठवडेच्या आठवडे पाहावी लागते. या मधल्या काळात गावात जे बोलले जाते, जे संशय घट्ट होतात, ज्यांची सोयरीक मोडते, तीच खरी कादंबरी आहे. शिवाय गावात पोलीस पाटील असतो, ज्याच्यावर 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाने गुन्ह्याची आणि संशयास्पद मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी टाकली आहे. तो गावचाच, कित्येकदा मयताच्या भावकीतला असतो. असा माणूस तपासाच्या दाराशी उभा असताना लेखकांना तो दिसत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

माझ्या मते गावातील रहस्य ‘कोणी केले’ हे नसतेच. संध्याकाळी कोणत्या पांदणीने, म्हणजे शेतवाटेने, कोण गेले हे कोणीतरी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाहिलेले असते. प्रश्न असतो तो कोण बोलेल याचा.

निवृत्त गुरुजी (मेहकर)

संत्राबाग यांचा तपशील मोलाचा आहे, परंतु शेवटचे विधान मला पटत नाही. कोण बोलेल हा प्रश्न कितीही खोल असला, तरी त्यावर लिहिलेली कादंबरी सामाजिक कादंबरी होईल. वाचक रहस्यकथा हातात घेतो तेव्हा त्याला एक न सुटलेला प्रश्न हवा असतो. तो पहिल्या वीस पानांत सुटला आणि उरलेले पुस्तक गावाच्या मौनावर असले, तर मुखपृष्ठावर रहस्यकथा असे छापणे ही देखील फसवणूकच आहे.

संत्राबाग (मोर्शी)

गुरुजी, दोन्ही एकत्र साधता येते असे मी म्हणतो. समजा, दुसऱ्या प्रकरणात तलाठी कार्यालयातील फेरफार नोंदीची, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदीची, तारीख सहज येऊन जाते. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि खून त्या मुदतीच्या चौदाव्या दिवशी झालेला असतो. मयत उद्या हरकत घेणार होता हे कोठेही लिहिलेले नाही. तारखा मात्र दोन्ही छापलेल्या आहेत. आमच्याकडचा कोणताही शेतकरी तेथेच थबकेल.

पांदणवाट (दारव्हा)

हे उदाहरण मला अतिशय आवडले, कारण यात लेखकाने काहीही लपवलेले नाही आणि खुनाचे कारणही किरकोळ नाही. आमच्याकडे धुरा आणि वाटणी यांसाठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातात.

निवृत्त गुरुजी (मेहकर)

परंतु ज्याने आयुष्यात सातबारा पाहिला नाही, अशा पुण्या-मुंबईच्या वाचकासमोर हा दुवा ठेवला काय आणि लपवला काय, सारखेच. पांदणवाट यांचा नियम काटेकोरपणे लावायचा, तर पंधरा दिवसांची मुदत खुनापूर्वीच कोणातरी पात्राच्या तोंडून वाचकाला सांगावी लागेल.

ग्रंथपाल (आर्वी)

आणि ती सांगितली की आर्वीचा वाचक तिसऱ्या प्रकरणातच खुनी ओळखून पुस्तक परत आणून देईल. पुण्याच्या वाचकाला न्याय द्यायचा की आमच्या वाचकाची उत्सुकता राखायची, हे लेखकाला निवडावे लागेल. मी आमच्या वाचकाच्या बाजूने आहे. मुदत सांगू नये.